नाशिकला इग्वाना (मोठा सरडा) पाळलाय, हात घातला की शेपटीचा फटका मारतो. माणसाळवायचा कसा?

वरून हात घालणं आजच बंद करा. हात नेहमी बाजूने, त्याच्या नजरेच्या पातळीवर न्या. इग्वानाच्या माथ्यावर मधोमध एक फिकट खवला दिसेल. तो त्याचा तिसरा डोळा. त्या डोळ्याला चित्र दिसत नाही, पण वरून पडलेली सावली कळते, आणि सावली म्हणजे त्याच्या लेखी घार! मग शेपूट चालणारच. पहिले काही आठवडे उचलूच नका. रोज ठरलेल्या वेळी हात पिंजऱ्यात नुसता ठेवा, बोटांत जास्वंदीचं फूल किंवा शेवग्याचा पाला धरा. आपणहून हातावर चढायला लागला की पोटाखालून, चारही पायांना आधार देत उचला. शेपूट धरायची नाही, तुटते. गळ्याखालची झालर ताणून, अंग चपटं करून आडवा उभा राहिला तर त्या दिवशी राहू द्या. फक्त एक लक्षात ठेवा: डिसेंबर-जानेवारीत नाशिकच्या थंडीत तो गप्प पडून राहिला तर माणसाळला असं समजू नका, बिचारा गारठलेला असतो. बसायच्या जागी ३२ ते ३५ अंश सेल्सिअस ऊब हवीच, नाहीतर खाल्लेलंही पचत नाही.