हॉटेलची वही आणि प्लॉटचा हप्ता

प्रश्न : आम्ही छत्रपती संभाजीनगरात राहतो. मिस्टर वाळूज एमआयडीसीत सुपरवायझर आहेत, मी खासगी शाळेत शिकवते. दोघांचे मिळून हातात 64,000 रुपये येतात, घरभाडं 11,000. सासूबाई सोबत असतात. बाहेर खायची दोघांनाही आवड. कुठं काय खाल्लं, कसं होतं, किती बिल झालं, हे आम्ही वहीत लिहून ठेवतो. मागच्या महिन्याची बेरीज 11,400 निघाली. मिस्टर म्हणतात, हॉटेल पूर्ण बंद करू आणि शहराबाहेर 10,000 च्या हप्त्यानं प्लॉट घेऊ, तीन वर्षांत फिटेल. माझं म्हणणं, दोन खोल्यांत जे बोलता येत नाही ते आम्ही हॉटेलात बोलतो. कार्डाचे 38,000 बाकी आहेत, महिन्याला किमान रक्कम भरतो. 50,000 ची एफडी आहे. वहीच्या पानाचा फोटो सोबत पाठवत आहे.

उत्तर :

ताई, लोक मला पगाराच्या स्लिपा आणि पॉलिसीची बाडं पाठवतात. खाण्याची वही पहिल्यांदाच आली, आणि खरं सांगतो, मी ती जेवणाच्या वेळेआधी वाचायला नको होती.

11,400 म्हणजे तुमच्या घरभाड्यापेक्षा जास्त. तुमचे मिस्टर धास्तावले यात त्यांचं चुकलं नाही. पण बेरीज एक आकडा सांगते आणि पान वेगळंच सांगतं. शहागंज भागात दोनदा नान-खलिया, मिळून 1,000. त्यापुढं तुम्ही लिहिलंय, "रस्सा झणझणीत, नान हातात घेतला की वाफ." खाली मिस्टरांच्या अक्षरात, "लई भारी, पण सव्वाआठनंतर जायचं नाही, संपतं." दौलताबाद रोडच्या ढाब्यावर 820 : बाजरीची भाकरी, येसराची आमटी, ठेचा. शेरा चार ओळींचा आहे आणि त्यात सासूबाईंसाठी आमटी बांधून आणल्याचाही उल्लेख आहे. रविवारचा नाश्ता चार वेळा, 400. हे सगळं धरून झाले 2,220 रुपये.

आता उरलेले 9,180 कुठं गेले? तीन वेळा मोठ्या रस्त्यावरच्या एसी फॅमिली रेस्टॉरंटमध्ये, 5,400. त्यांचे शेरे मी पुन्हा पुन्हा वाचले. "पनीर रबरासारखं." "वाढपी चार वेळा विचारून गेला, झालं का म्हणून." तिसऱ्याला फक्त, "एसी छान होता." बाकी नऊ वेळा मोबाइलवरून घरी मागवलेलं, 3,780. आणि या नऊ जेवणांपुढं एका शब्दाचा शेरा नाही. काय खाल्लं, तेही दोन ठिकाणी लिहिलेलं नाही.

म्हणजे ज्या जेवणांवर तुम्ही दोघं बोललात, भांडलात, पुन्हा जायचं ठरवलंत, त्यांचा खर्च पाचवा हिस्साही नाही. मिस्टर तोच बंद करायला निघालेत. दमून घरी आल्यावर कुणालाच स्वयंपाक नको असतो, हे मला माझ्या घरावरून कळतं. पण त्याला हौस म्हणू नका. घरी कुकरला खिचडी लावली तरी त्या रात्रींचं काही बिघडलं नसतं.

माझा हिशेब असा. घरी मागवणं महिन्याला दोनदा, साधारण 840. फॅमिली रेस्टॉरंट एकदाच, 1,800 पर्यंत, तेही तिघांनी जायचं असेल तेव्हा. खलिया, ढाबा, नाश्ता आहे तसं. एकूण 4,860 होतात, 5,000 धरा. पगार झाला की तेवढ्या नोटा काढून वहीतच ठेवा आणि हॉटेलात कार्ड नेऊ नका. 6,400 वाचले.

वहीत एका बिलावर दहा टक्के सेवा शुल्क लावलेलं दिसतंय. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं जुलै 2022 मध्येच सांगितलंय की ते बिलात आपोआप लावता येत नाही. काढायला सांगा, संकोच नको. साध्या हॉटेलचा जीएसटी 5 टक्के असतो. जे छोट्या व्यावसायिकांसाठीच्या जीएसटी कंपोझिशन योजनेत आहेत त्यांना तर तो ग्राहकाकडून वेगळा घेताच येत नाही.

आता ज्यावर तुम्ही एकच ओळ लिहिली आणि मला सगळ्यात जास्त खटकलं ते. कार्डावर महिन्याला साडेतीन टक्के व्याज धरलं तर 38,000 वर 1,330 होतात, त्या व्याजावर 18 टक्के जीएसटी धरून जवळपास 1,570. दर महिन्याला. तुमच्या 50,000 च्या एफडीवर साडेसहा टक्क्यांनी महिन्याला 270 मिळतात. एका हातानं 270 घेऊन दुसऱ्या हातानं 1,570 देताय, आणि भांडण मात्र भाकरीवरून. या आठवड्यात एफडी मोडा. मुदतीआधी मोडल्याबद्दल बँक थोडं व्याज कापेल, कापू द्या. कार्ड पूर्ण फेडा. उरलेले 12,000 तसेच ठेवा आणि वाचलेले 6,400 अधिक व्याजाचे 1,570 असे जवळपास 8,000 दर महिन्याला आरडीत टाका. पाच महिन्यांत पुन्हा 50,000 होतील. मग थांबू नका, तीन महिन्यांचा घरखर्च जमेपर्यंत चालू ठेवा. सासूबाईंचा आरोग्य विमा आहे का, तेही कंपनीत विचारून घ्या. पत्रात त्याचा शब्द नाही.

प्लॉटला माझा सध्या नकार आहे. तीन वर्षांत 3,60,000 भरणार, आणि या काळात कुणाची नोकरी गेली किंवा घरात आजारपण आलं तर भरलेले हप्ते अडकतात. त्यातून आपल्या शहराभोवती गुंठेवारीचे, म्हणजे शेतजमिनीचे तुकडे पाडून विकायचे, व्यवहार किती झालेत, हे मी मराठवाड्यातल्या माणसाला सांगायला नको. स्टॅम्पपेपरवरची नोटरी म्हणजे मालकी नव्हे. मिस्टरांना एजंटकडून तीन कागद मागायला सांगा : जमीन एनए म्हणजे बिगरशेती झाल्याचा कागद, मंजूर लेआउट आणि ताजा सातबारा. जागा 500 चौरस मीटरपेक्षा मोठी आणि प्लॉट आठांहून जास्त असतील तर महारेराचा, म्हणजे राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामकाचा, नोंदणी क्रमांकही हवा. "नंतर देतो" असं उत्तर आलं तर बुकिंगचा रुपयाही देऊ नका. कागद नीट निघाले तरी आधी कार्ड, मग साठा, मग प्लॉट. वर्षभरानं तुमच्याकडं बयाण्यापुरते पैसे असतील आणि तेव्हा भाव करायला तुम्ही मोकळे असाल.

एक विनंती. ढाब्याचं नाव तुम्ही फोटोत पेनानं खोडून पाठवलंय. गर्दी होईल म्हणून असेल तर ठीक. पण खलियाच्या दुकानाचं नावही खोडलंय, आणि मी या शनिवारी शहागंजकडंच येणार आहे.