लग्न ठरलंय, सासरचे म्हणतात नाटक सोड आणि घरबसल्या केकचा धंदा कर. काय करू?

तू धुळ्याची आणि हौशी नाटकात काम करतेस असं लिहिलंयस म्हणून उत्तर द्यायला बसले. अगं-तुगं करते, राग मानू नको.

मी जळगावची. राज्य नाट्य स्पर्धेत लग्नाआधीपासून काम करतेय, मालिकांत छोटे रोल पण केलेत आणि केक-नानखटाईच्या ऑर्डरी पण घेते, त्यामुळे मला दोन्हीकडचं माहितीये. स्पर्धेची प्राथमिक फेरी साधारण दिवाळीच्या पुढेमागे लागते म्हणजे तालमी ऐन फराळाच्या दिवसांत. एका दिवाळीला मी आणि सासूबाई मैदा, तूप, पिठीसाखर घेऊन बेकरीवर नानखटाई भाजून आणायला गेलो, तिथे ही गर्दी, नंबर लागेना, म्हणून मी संहिता काढली आणि सासूबाई मला क्यू, म्हणजे माझ्या संवादाच्या आधीचं वाक्य, द्यायला लागल्या. तेवढ्यात आमचे एक चुलत सासरे आले आणि सगळ्या बायांसमोर म्हणाले, "सूनले नाटक कसाले जोयजे? हाई नानखटाई इक, घरमा पैसा तरी ई." सासूबाईंनी पदर सावरला आणि पुढची क्यू अजून मोठ्यांदा वाचली.

हेच आप्पा कुठल्याही लग्नात बसले की स्मिता पाटील आपल्या शिरपूरच्या घराण्यातली, दोनदा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, हे अभिमानाने सांगतात. अभिमान मलाही आहे. पण मग ती पण कोणाची तरी पोरच होती ना? दुसऱ्याची पोर पडद्यावर चालते आणि घरातली सून स्टेजवर चालत नाही, हे मला आजही पटत नाही.

आणि "घरबसल्या" म्हणणाऱ्यांनी ऑर्डरचा केक कधी केलेला नसतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकतो, क्रीमचा केक गिऱ्हाइकाच्या घरी पोचेपर्यंत ओघळतो, म्हणून मी उन्हाळ्यात क्रीमची ऑर्डर घेतच नाही, केळ्याचा साधा केक देते, त्याला केळी सालीवर काळे डाग पडलेलीच लागतात. लाइट गेली की ओव्हनमधला केक बसतो. नानखटाईला तूप रवाळ घट्टच पाहिजे, पातळ झालेलं घेतलं तर सगळी ट्रेभर पसरते. संध्याकाळी सातची ऑर्डर म्हणजे सातला, जशी नाटकाची तिसरी घंटा. तेव्हा बेकिंग करायचं तर धंदा म्हणून कर, एफएसएसएआयची म्हणजे अन्न सुरक्षेची सरकारी नोंदणी काढ, हिशोब ठेव, पण नाटकाच्या बदल्यात करू नको.

घराचं म्हणशील तर श्रावणात कानबाईच्या रोटांना, म्हणजे आपल्या खानदेशातल्या सणाला, मी तालीम ठेवू देत नाही, ग्रुपला आधीच सांगून टाकते. मूल लहान होतं तेव्हा मुंबईच्या शूटिंगलाही नाही म्हटलं. ते मी ठरवलं, कोणी सांगितलं म्हणून नाही.

हां, एक आहे, माझ्या सासूबाई पाठीशी होत्या, सगळ्यांच्या नसतात. आणि हौशी नाटकात पैसा मिळत नाही, उलट खिशातला जातो, केकच्या पैशावर माझ्या बऱ्याच तालमी निघाल्यात, तेवढं आप्पांचं खरं.

होणाऱ्या नवऱ्याला लग्नाआधी एकदा तालमीला बोलव आणि शेवटपर्यंत बसव, सासू-सासरे आले तर अजून चांगलं. आमच्या आप्पांनी माझं एकही नाटक आजपर्यंत पाहिलेलं नाही आणि सोड म्हणून दर दिवाळीला सांगतात.