उबुंटूची तटबंदी कोणत्या बाजूने करावी?

प्रश्न : नौपाड्यात माझे करसल्लागाराचे छोटे कार्यालय आहे. लॅपटॉपवर उबुंटू २४.०४ ही लिनक्स प्रणाली असून तो घेऊन मी लोकलने वाशीला अशिलांकडेही जातो. सुरक्षेसाठी एका मित्राने कर्नल (प्रणालीचा गाभा), एसएसएच (दुसऱ्या संगणकावरून प्रवेश करण्याची सोय), फायरवॉल (नेटवर्कवरून येणाऱ्या जोडण्या अडवणारी भिंत) वगैरेंच्या आज्ञांची लांबलचक यादी दिली आहे. ती जशीच्या तशी अमलात आणावी का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : आणू नये. अशा याद्या बहुधा सर्व्हर डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेल्या असतात. उबुंटूच्या डेस्कटॉप आवृत्तीत एसएसएच सर्व्हर मुळात बसवलेलाच नसतो. फायरवॉल असते, पण बंद. ती टर्मिनलमध्ये ‘सुडो यूएफडब्ल्यू एनेबल’ (sudo ufw enable) या आज्ञेने सुरू करावी. यादीत यूझर नेमस्पेस (प्रोग्रॅमला वेगळ्या कप्प्यात चालवू देणारी कर्नलची सोय) पूर्ण बंद करण्याची आज्ञा असल्यास ती आवर्जून वगळावी, कारण ब्राउझर स्वतःभोवती जी सँडबॉक्स, म्हणजे संरक्षक चौकट, उभारतो ती बरीचशी याच सोयीवर उभी असते.

लिनक्सची परवानग्यांची नेहमीची पद्धत एका वापरकर्त्याला दुसऱ्यापासून जपते. मात्र एकाच खात्यात चालणाऱ्या प्रोग्रॅमना ती एकमेकांपासून फारसे जपत नाही. त्यामुळे कुठूनतरी उतरवून चालवलेला एखादा प्रोग्रॅम आपल्या अशिलांची विवरणपत्रे आणि पॅन क्रमांक सहज वाचू शकतो, आणि त्यासाठी त्याला रूटचा, म्हणजे सर्वाधिकारी खात्याचा, अधिकार लागतच नाही. (कर्नल कितीही कडक केला तरी यात फरक पडत नाही, हे त्या याद्या क्वचितच सांगतात.) म्हणून कार्यालयीन कामासाठी वेगळे खाते उघडावे आणि नवे प्रोग्रॅम पारखण्याचे उद्योग दुसऱ्या, प्रशासकीय अधिकार नसलेल्या खात्यात करावेत, कारण उबुंटूच्या २१.०४ आवृत्तीपासून नव्या खात्याचे होम फोल्डर (त्या खात्याच्या फायलींची जागा) इतर खात्यांना वाचता येत नाही. लॉग-इन करताना ‘उबुंटू ऑन झॉर्ग’ हा पर्याय निवडू नये. झॉर्ग म्हणजे प्रोग्रॅमच्या खिडक्या पडद्यावर दाखवणारी जुनी एक्स ११ व्यवस्था. तीत एक प्रोग्रॅम दुसऱ्यात टाइप होणारी अक्षरे टिपू शकतो, तर वेलँड या नव्या व्यवस्थेत ही वाट बऱ्याच अंशी बंद आहे. फ्लॅटपॅक (प्रोग्रॅम बंदिस्त कप्प्यात बसवण्याची पद्धत) वापरत असल्यास संपूर्ण होम फोल्डरची परवानगी मागणारा प्रोग्रॅम नावापुरताच बंदिस्त असतो, हे ध्यानात ठेवावे. ॲपआर्मर, म्हणजे प्रोग्रॅमना काय करू द्यायचे यावर मर्यादा घालणारी यंत्रणा, उबुंटूत सुरूच असते. एखादा प्रोग्रॅम अडला म्हणून ते बंद करू नये.

राहिला लोकलचा प्रवास. लॅपटॉप हरवला आणि डिस्क काढून दुसऱ्या यंत्राला जोडली, तर खात्याचा पासवर्ड निरुपयोगी ठरतो. तिथे डिस्कचे संपूर्ण एनक्रिप्शनच, म्हणजे सगळी माहिती सांकेतिक रूपात ठेवणेच, कामी येते. ते उबुंटू बसवतानाच निवडणे सोपे असल्याने सर्व फायलींचा बॅकअप घेऊन प्रणाली नव्याने बसवावी, आणि तो बॅकअपही एनक्रिप्ट केलेल्या ड्राइव्हवरच ठेवावा.