ठाण्याहून निघण्याआधी हिब्रूची तयारी किती करावी?

तू विचारलंस की ऑक्टोबरमध्ये इस्रायलला येऊन उल्पानला, म्हणजे नव्याने येणाऱ्यांच्या हिब्रू वर्गाला, बसायचंय, तर तोपर्यंत ठाण्यात राहून हिब्रू, धर्मग्रंथ आणि इथला इतिहास यांपैकी काय शिकून यावं. मला बेरशेबात 21 वर्षं झाली. मला जे नडलं तेच आधी सांगते.

प्रार्थना पाठ आहेत म्हणजे हिब्रू येतं, असं धरून चालू नकोस. मी शमा, अमिदा घडाघडा म्हणायचे. पहिल्याच महिन्यात विजेचं बिल आलं आणि एक ओळ वाचता येईना. सिदूरमध्ये, म्हणजे प्रार्थनेच्या पुस्तकात, अक्षरांना निकुद म्हणजे स्वरांच्या खुणा असतात. बिलावर, बसच्या पाटीवर, पेपरात त्या नसतात. ‘मळ’, ‘माळ’ आणि ‘मेळ’ एकसारखेच लिहिले तर कसं होईल, तसं. तेव्हा आतापासून रोज चार ओळी बिननिकुदाच्या वाच.

अडखळशील तेव्हा शोरेश शोध. बहुतेक शब्दांच्या पोटात तीन व्यंजनांचं मूळ असतं. आपल्या लग्नात वाचतात तो करार म्हणजे केतुबा, पत्र म्हणजे मिख्ताव, पत्ता म्हणजे क्तोवेत. तिघांचं मूळ एकच, लिहिणं. हे एकदा दिसायला लागलं की पाठ असलेल्या प्रार्थना आतून उघडतात. मला ‘बराखा’ (आशीर्वाद) आणि ‘बारूख’ (धन्य) यांचं नातं कळलं त्या शुक्रवारी किद्दूश, म्हणजे द्राक्षरसाच्या पेल्यावरची प्रार्थना, ऐकताना डोळे भरून आले होते.

मराठीची मदतही कमी नाही. ‘मी जातो’, ‘मी जाते’ हा फरक इथेही आहे: ‘अनी होलेख’, ‘अनी होलेखेत’. वर्गातल्या इंग्रजी बोलणाऱ्यांची इथेच दमछाक व्हायची. त्सादी हे अक्षर तर आपल्या ‘चमचा’मधला च. घशातून येणाऱ्या ‘ख’साठी मात्र कान तयार करावा लागेल, त्यासाठी रोज रेडिओ लाव.

उल्पानची पद्धत 1949 पासूनची, जेरुसलेमच्या उल्पान एत्सियोनपासून. साधारण पाच महिने, आठवड्यातून पाच दिवस, सगळं हिब्रूतूनच. अक्षरओळख घरूनच करून ये, म्हणजे पहिले आठवडे वाया जाणार नाहीत.

ग्रंथांची सुरुवात तालमूदपासून, म्हणजे रब्बींच्या धर्मचर्चेच्या मोठ्या ग्रंथापासून, करू नकोस. त्यातला चर्चेचा भाग म्हणजे गेमारा, त्याची भाषा मुख्यतः अरामी आहे आणि मध्ययुगीन भाष्यकार राशी यांचं भाष्य वेगळ्याच वळणाच्या लिपीत छापतात. आधी बायबलमधलं रूथचं पुस्तक घे: चार अध्याय, सरळ गद्य, आणि परक्या देशात सासूबरोबर आलेल्या बाईची गोष्ट. मग योना, तोही चारच अध्यायांचा. त्यानंतर मिश्ना, म्हणजे तालमूदचा हिब्रूतला मूळ नियमसंग्रह. सेफारिया या साइटवर मूळ आणि इंग्रजी भाषांतर फुकट मिळतं. एकटी वाचू नकोस. हाव्रुता म्हणजे जोडीदार शोध, मोठ्याने वाचा, वाद घाला.

इतिहासात इ.स. 70 मधला जेरुसलेमच्या मंदिराचा विध्वंस, 1881 मध्ये जेरुसलेमला येऊन घरात हिब्रूच बोलायची असा हट्ट धरणारे एलिएझर बेन-येहुदा, 1948 मधली राज्याची स्थापना हे उल्पानमध्ये कानावर येईलच. त्या स्थापनेच्या वेळच्या युद्धात सुमारे 7 लाख पॅलेस्टिनी अरबांची घरं सुटली, तेही वाच. त्याशिवाय शेजाऱ्याचं दुःख कळणार नाही. आणि आपल्या लोकांचा, म्हणजे कोकणातल्या बेने इस्रायली यहुद्यांचा, इतिहास मात्र घरूनच घेऊन यावा लागतो. आपले पूर्वज उतरले असं मानतात तो नवगावचा किनारा, तेल गाळणाऱ्या आणि शनिवारी काम न करणाऱ्या आपल्या लोकांना पडलेलं शनिवार तेली हे नाव, 1832 मधलं मिशनरी जॉन विल्सन यांचं मराठीतलं हिब्रू व्याकरण, हे सगळं माहीत असू दे. साठीच्या दशकात इथल्या रब्बी मंडळाने बेने इस्रायलींच्या लग्नांवर शंका घेतली, तेव्हा आपली माणसं निदर्शनांना बसली आणि 1964 मध्ये सरकारला आपण सर्वार्थाने यहुदी आहोत असं जाहीर करावं लागलं. तुला कोणी ‘तुम्ही नक्की कुठले?’ विचारलं तर हे हिब्रूत सांगता आलं पाहिजे.

आजोबांकडे मराठी अर्थ असलेली हगादा, म्हणजे पेसाह सणाच्या रात्री वाचायची पोथी, असेल तर ती मोठ्या बॅगेत टाकू नकोस, हातातल्या पिशवीत ठेव.