स्त्रियांच्या कामावर संशोधन करणाऱ्या तरुणांना ट्रस्टतर्फे मदत करायची आहे. परिषद भरवावी की शिष्यवृत्ती द्यावी?

तुम्ही लिहिलंय की आईच्या नावाने छोटा ट्रस्ट आहे, वर्षाला दोनेक लाख खर्च करता येतात आणि ते 'स्त्रिया आणि श्रम' या विषयावरच्या तरुण संशोधकांसाठी वापरायचेत. मी समाजशास्त्र शिकवायचे, पीएचडीच्या मुलामुलींना मार्गदर्शनही केलंय, म्हणून स्पष्टच लिहिते. परिषद नको. दोन लाखांत मांडव, जेवणं, शाल-श्रीफळ आणि प्रमाणपत्रं होतील, संशोधन होणार नाही. मासिक शिष्यवृत्तीही तुम्हाला झेपणारी नाही. पीएचडी करणाऱ्यांना मिळणारी यूजीसीची फेलोशिप, म्हणजे जेआरएफ, 2023 पासून महिना 37,000 रुपये आहे. तेवढे एकाच मुलीला द्यायचे म्हटले तरी सहा महिन्यांच्या आत तुमची पेटी रिकामी होईल. त्यापेक्षा चौघांना पन्नास-पन्नास हजार द्या, तेही फक्त फिल्डवर्कला.

या विषयात प्रत्यक्ष जाऊन बसल्याशिवाय हाती काही लागत नाही. सरकारी आकडे आहेत, चांगलेही आहेत. 2019 च्या राष्ट्रीय वेळवापर सर्वेक्षणात विनामोबदला घरकाम करणाऱ्या बायकांचे त्यात दिवसाला सरासरी 299 मिनिटं जातात आणि ते करणाऱ्या पुरुषांची 97, असं दिसलं. श्रमबल सर्वेक्षणात 15 वर्षांवरच्या स्त्रियांचा सहभाग 2017-18 मधल्या 23.3 टक्क्यांवरून 2023-24 मध्ये 41.7 टक्क्यांवर गेला. पण या वाढलेल्यांत घरच्या शेतात किंवा दुकानात विनामोबदला राबणाऱ्या किती, आणि त्यांना ते 'काम' वाटतं का, हे कुणीतरी ओसरीवर बसून विचारायला लागतं.

ऊसतोडीचंच बघा. फडावर, म्हणजे तोडणीच्या शेतात, मजुरीचा हिशेब 'कोयत्या'वर चालतो आणि कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकटं माणूस असेल तर तो अर्धा कोयता. मजूर गोळा करणारा मुकादम हंगामाआधी उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, देतो ती बहुतेक वेळा नवऱ्याच्या हातात. बाई ऊस तोडते, मोळ्या बांधते, डोक्यावर घेऊन गाडीत चढवते, पहाटे उठून भाकऱ्याही तीच थापते, पण तिच्या एकटीच्या नावावर मजुरीची नोंद सहसा सापडत नाही. आता तिची मुलाखत घ्यायची कधी? दिवसा ती फडात. संध्याकाळी कोपीवर, म्हणजे झोपडीवर, आली की चूल, पाणी, पोरं. रात्री उशिरा थोडा वेळ मिळतो, आणि तेव्हा पंचविशीतली संशोधक मुलगी परक्या गावाबाहेरच्या माळावर एकटी थांबू शकत नाही.

तुमचा पैसा इथे कामाला येतो. मुलीबरोबर कुणी सोबत जाणार असेल तर तिचंही भाडं, जेवण, दिवसाचा मोबदला द्या. फेलोशिपवाले हा खर्च धरतच नाहीत. सामाजिक शास्त्रांच्या जेआरएफला पहिली दोन वर्षं किरकोळ खर्चासाठी वर्षाला 10,000 मिळतात, त्यात झेरॉक्ससुद्धा भागत नाही. आणि ज्यांना जेआरएफच नाही, तासिका तत्त्वावर शिकवत पीएचडी करतात, त्यांची तर गोष्टच सोडा. एसटीचं तिकीट 2023 पासून बायकांना अर्धं झालंय, पण एसटी फडापर्यंत जात नाही. पुढे जीप, नाहीतर कारखान्याकडे निघालेला ट्रॅक्टर.

म्हणून पावत्यांचा हट्ट धरू नका. तुमचे ऑडिटर धरतील, त्यांना आधीच बसवून समजवा आणि संशोधकाच्या सहीचं व्हाउचर चालेल असा ठराव करून ठेवा. ट्रस्टच्या उद्दिष्टांत शिक्षण किंवा संशोधन आहे ना, तेही एकदा तपासा.

दुसरी अडचण वेळापत्रकाची. ऊसतोडीच्या टोळ्या दिवाळीच्या आगेमागे निघतात आणि मार्च-एप्रिलपर्यंत परततात. बहुतेक अनुदानं मात्र मार्चअखेरच्या घाईत सुटतात, म्हणजे पैसा हातात येतो तेव्हा कोप्या उठलेल्या असतात. तुम्ही लहान आहात, तुम्हाला असा उशीर करायचं कारण नाही. सप्टेंबरात निवड करा आणि निघण्याआधी निम्मी रक्कम खात्यात टाका. पुढच्या पावसाळ्यात त्याच बायकांना त्यांच्या गावी भेटायला उरलेली द्या. घरी बाई वेगळं बोलते. मुकादम जवळपास नसतो.

मुलाखती उतरवून काढायलाही पैसे ठेवा. तासभराच्या रेकॉर्डिंगला चार-पाच तास सहज लागतात, आणि मराठवाड्यातली बोली पुण्यातल्या टायपिस्टच्या हाती दिली तर अर्धं बोलणं 'अस्पष्ट' म्हणून परत येतं. त्याच भागातल्या कॉलेजातल्या मुलीला हे काम द्या. तिलाही चार पैसे मिळतात, आणि कधीकधी पुढची संशोधक तीच निघते.

विषय मात्र तुम्ही ठरवू नका. 2019 मध्ये बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची बातमी देशभर गेली, सरकारने समिती नेमली, आणि मग जो तो तेवढंच विचारायला लागला. गरजेचं होतंच ते. पण वाढे, म्हणजे उसाचे हिरवे शेंडे, चाऱ्यासाठी विकून आलेले पैसे कुणाकडे राहतात, नवरा वारल्यावर त्याची उचल कोण फेडतं, हे प्रश्नही एखाद्या तरुणाने आणले तर ते 'लहान' म्हणून बाजूला सारू नका. तरुण म्हटलं त्यात मुलगेही आले. मुलगा हा विषय घेतो तेव्हा त्याची भरपूर टिंगल होते, घरीसुद्धा.

निवडीसाठी जाणकार माणसं घ्या. मुंबईत एसएनडीटीचं स्त्री अभ्यास संशोधन केंद्र 1974 पासून आहे, पुणे विद्यापीठातलं केंद्र 1987 पासून. तिथल्या एखाद्या प्राध्यापिकेला विचारलंत तर निवडीत त्या मदत करतील असं मला वाटतं. ट्रस्टच्या विश्वस्तांनी मुलाखतीत बसू नये हे उत्तम. तुम्हाला वाईट वाटेल, पण देणगीदार समोर असला की मुलं त्याला आवडेल तेच बोलतात.

एक अट जरूर घाला: काम झाल्यावर पंधरा-वीस पानांचं मराठी टिपण, आणि ज्या बायकांशी बोलणं झालं त्यांच्या गावात त्याचं एकदा वाचन. छपाईचा खर्च तुमचा. अर्ज साध्या कागदावर मराठीत मागवा, आणि जाहिरात जुलैतच अंबाजोगाई, परभणी, धाराशिवच्या कॉलेजांतही पोचवा. नाहीतर चारही अर्ज पुण्या-मुंबईचेच येतील.