निर्णय कोणी घ्यायचा, किती दिवसांत? : मालक-कंत्राटदार पार्टनरिंगवर वाचकांचे प्रश्न

बांधकाम प्रकल्पांवर मालक आणि कंत्राटदार यांच्यात होणाऱ्या पार्टनरिंग कराराबद्दल आलेल्या पत्रांतले सहा प्रश्न या वेळी घेतले आहेत. पत्रं लांब होती, त्यांतला गाभा तेवढा ठेवला आहे.

‘पार्टनरिंग करार’ हे नाव वाचताच आमच्या वकिलांनी सही करू नका म्हणून सांगितलं. भागीदारी झाली तर कंत्राटदाराची देणी आमच्या गळ्यात पडतील, असं त्यांचं म्हणणं आहे. हे खरं आहे का? – एक मालक

वकिलांची भीती नावापुरती रास्त आहे, आणि म्हणूनच याला मराठीत ‘भागीदारी करार’ म्हणू नये. भागीदारीत धंदाच एक असतो. नफातोटा वाटला जातो आणि एकाने केलेल्या व्यवहाराने दुसरा बांधला जातो. पार्टनरिंगमध्ये दोघांचे धंदे वेगळेच राहतात. काम एकत्र कसं चालवायचं, अडलेला निर्णय कसा सोडवायचा, एवढंच त्यात ठरतं.

आता तुमच्यासमोर कोणता कागद आहे ते पाहा, कारण याचे दोन प्रकार आहेत. पहिला म्हणजे सनद. मूळ कंत्राट जसंच्या तसं राहतं आणि त्याच्या शेजारी एक-दोन पानांचा, कायद्याने न बांधणारा कागद येतो. अमेरिकी लष्कराच्या अभियंता दलाने १९८०च्या दशकाच्या अखेरीस हीच पद्धत रुजवली. निविदा नेहमीसारखी, कंत्राट नेहमीसारखं, आणि कंत्राट दिल्यानंतर दोघांच्या राजीखुशीने पार्टनरिंग. दुसऱ्या प्रकारात पार्टनरिंग हे कंत्राटाचंच अंग असतं. ब्रिटनमध्ये बांधकाम उद्योगावरच्या १९९४च्या लॅथम अहवालानंतर या विचाराला जोर आला. २००० साली निघालेल्या ‘पीपीसी २०००’ या नमुना करारात तर मालक, कंत्राटदार आणि सल्लागार एकाच कागदावर सही करतात. हा प्रकार पूर्ण बंधनकारक असतो, तेव्हा तिथे वकिलांनी कलम न कलम वाचायलाच हवं.

सनद असेल तर तिच्यात एक वाक्य घालून घ्या: ‘या सनदेमुळे कायदेशीर भागीदारी निर्माण होत नाही, कोणीही कोणाचा प्रतिनिधी ठरत नाही आणि मूळ कंत्राटातलं कोणतंही कलम बदलत नाही.’

सनदेवर सगळ्यांनी सह्या केल्या, फ्रेम करून साइट ऑफिसात लावली. तीन महिन्यांत पुन्हा पत्रापत्री सुरू. आमचं कुठे चुकलं? – प्रकल्प व्यवस्थापक, कंत्राटदारातर्फे

तुम्ही सनदेची प्रत पाठवली आहे. तिच्यात ‘परस्पर विश्वास’, ‘मोकळा संवाद’, ‘दर्जा’ हे सगळं आहे. एकही तारीख नाही, एकाही माणसाचं पद नाही. काम अडतं तेव्हा कोणाकडे जायचं आणि त्याने किती वेळात उत्तर द्यायचं, हे लिहिलेलं नसेल तर माणूस सवयीने पत्रच लिहितो. पार्टनरिंगचा कणा म्हणजे निर्णयाची शिडी, आणि तुमच्याकडे नेमकी तीच नाही.

एक उदाहरण घेऊ. वातानुकूलनाचा पाइप तुळईतून न्यायचा आहे. सेवांच्या ड्रॉइंगमध्ये तुळईला छिद्र दाखवलं आहे, स्ट्रक्चरल ड्रॉइंगमध्ये नाही. सळई बांधून झाली आहे, स्लॅबचं काँक्रीट चार दिवसांवर आलं आहे. शिडी नसेल तर कंत्राटदार आरएफआय (माहिती मागणारं पत्र) पाठवतो, सल्लागार ‘समन्वय ही कंत्राटदाराची जबाबदारी’ असं उत्तर देतो, कंत्राटदार ‘ड्रॉइंगमध्ये विसंगती’ असं प्रत्युत्तर देतो आणि स्लॅब छिद्राविना भरला जातो. पुढे कोअर कटिंग (भरलेल्या काँक्रीटमध्ये यंत्राने भोक) करताना तुळईची सळई कापली जाण्याचा धोका येतो आणि जे काम एका स्लीव्हमध्ये (पाइपसाठी काँक्रीटआधी बसवायच्या नळीत) उरकलं असतं त्याचं मोठं प्रकरण होतं.

शिडी असेल तर दोन्हीकडचे साइट इंजिनिअर त्याच दिवशी त्या तुळईपाशी उभे राहतात. पहिली गोष्ट, प्रश्नाचे दोन तुकडे करायचे: छिद्र कुठे आणि केवढं, हा तांत्रिक तुकडा, पैसे कोणाचे, हा दुसरा. तांत्रिक तुकडा काँक्रीटच्या आधी सुटायलाच हवा, आणि तो स्ट्रक्चरल सल्लागारानेच सोडवायचा, कारण आधाराजवळ, जिथे कातरबल जास्त असतं तिथे, छिद्र घेणं साइटवरच्या कोणाच्याही अधिकारात नसतं. म्हणून सल्लागाराचा माणूस शिडीवर नावानिशी असलाच पाहिजे. अनेक सनदांमध्ये नेमका तोच नसतो. जादा रिंगा (सळईचे वेढे), स्लीव्ह आणि वाया गेलेल्या मजुरीचा खर्च कोणाचा, हा तुकडा सावकाश वर गेला तरी काम थांबत नाही.

मध्यम आकाराच्या कामावर तीन पायऱ्या पुरतात. साइट इंजिनिअरांना एक ते दोन दिवस, प्रकल्प व्यवस्थापकांना तीन ते पाच दिवस, दोन्ही संस्थांच्या वरिष्ठांना एक आठवडा. मुदत संपली की प्रश्न आपोआप वर जातो. वर पाठवणं ही तक्रार नव्हे, हे पहिल्याच बैठकीत दोन्ही वरिष्ठांनी आपापल्या माणसांना स्वतः सांगावं. मधली पायरी ओलांडून थेट साहेबांना फोन लावायचा नाही. साहेबांनीही तो प्रश्न निर्णय न देता खाली ढकलायचा नाही. वर जाताना दोघांनी मिळून एकच पान लिहायचं: काय घडलं, कशावर एकमत आहे, कशावर नाही, निर्णय कधीपर्यंत हवा. वेगवेगळी दोन पानं लिहिली की ती दोन पत्रंच होतात. शिवाय हे एक पान लिहिता लिहिता निम्मे प्रश्न सुटतात, कारण नेमका मतभेद किती लहान आहे ते तेव्हा दिसतं.

शिडी मोडते ती बहुधा अधिकार बरोबरीचे नसल्यामुळे. कंत्राटदाराचा व्यवस्थापक जागेवर हो म्हणू शकतो, मालकाच्या माणसाला मात्र प्रत्येक एक्स्ट्रा आयटमसाठी (कंत्राटात नसलेल्या कामासाठी) समितीकडे जावं लागतं. सनदेवर सही करण्याआधी प्रत्येक पायरीसमोर ‘किती रकमेपर्यंत’ हा रकाना भरून घ्या. तो रिकामा राहत असेल तर ती पायरी फक्त कागदावर आहे असं समजा.

क्लेमची (जादा रक्कम किंवा मुदतवाढीच्या मागणीची) नोटीस पाठवली तर मालक म्हणतो, ‘मग पार्टनरिंग कशाला?’ नाही पाठवली तर हक्क जातो. काय करावं? – कंत्राटदार

नोटीस पाठवा. दर वेळी, मुदतीत.

फिडिक या सल्लागार अभियंत्यांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या १९९९ आणि २०१७च्या दोन्ही नमुना कंत्राटांत घटना कळल्यापासून, किंवा कळायला हवी होती तेव्हापासून, २८ दिवसांत नोटीस द्यावी लागते. चुकली तर मुदतवाढ आणि जादा रक्कम दोन्हीवर पाणी सोडण्याची वेळ येऊ शकते. तपशीलवार क्लेमला १९९९च्या नमुन्यात ४२ दिवस आहेत, २०१७च्या नमुन्यात ८४. एनईसी ४ या ब्रिटिश नमुना कंत्राटात कंत्राटदाराने भरपाईयोग्य घटना आठ आठवड्यांत कळवायची असते. ‘आपलं ठरलंय ना’ एवढ्या बोलण्याने या मुदती थांबत नाहीत. थांबवायच्याच असतील तर कंत्राटात सांगितलेल्या रीतीने लेखी दुरुस्ती करावी लागते.

मालकाला वाईट वाटतं ते नोटिशीचं कमी, तिच्या भाषेचं आणि अवचित येण्याचं जास्त. म्हणून आधी सांगा, मग पाठवा, आणि मजकूर चार ओळींचा ठेवा: घटना, तारीख, कलम, ‘परिणाम मोजून कळवतो’. दोषारोप नकोत. सनदेतही एक ओळ असावी: ‘मुदतीतली नोटीस ही माहिती आहे, तिला वैर मानलं जाणार नाही.’ एनईसीमध्ये आगाऊ सूचनेची तरतूद आहे. खर्च, मुदत किंवा कामाचा उपयोग यांना धक्का बसेल असं काही दिसलं की दोघांपैकी ज्याला आधी दिसेल त्याने कळवायचं. तुमचं कंत्राट एनईसी नसलं तरी ही पद्धत उचलण्यासारखी आहे.

बचत आणि जादा खर्च निम्मे-निम्मे वाटून घ्यायचं ठरतंय. यात फसगत कुठे होते? – मालकाचे लेखापाल

आधी हिशेब. लक्ष्यखर्च, म्हणजे दोघांनी आधी ठरवलेला अपेक्षित खर्च, १०० एकक धरला आणि प्रत्यक्ष खर्च ९२ झाला, तर बचत ८. कंत्राटदाराला खर्चाचे ९२ आणि बचतीतले ४ मिळतात, मालक ९६ देतो. खर्च ११०वर गेला तर जादा १० पैकी ५ कंत्राटदाराच्या अंगावर येतात, मालक १०५ देतो.

फसगत होते ती लक्ष्यखर्च वेळच्या वेळी न बदलल्यामुळे. समजा मालकाने ६ एककांचं जादा काम सांगितलं, पण ‘नंतर बघू’ म्हणून लक्ष्य १००वरच राहिलं. प्रत्यक्ष खर्च १०४ झाला. कागदावर ४चा जादा खर्च दिसतो, कंत्राटदाराचे २ कापले जातात आणि त्याला १०२ मिळतात. लक्ष्य १०६ केलं असतं तर तिथे २ची बचत दिसली असती आणि त्याला १०५ मिळाले असते. न लिहिलेल्या एका बदलाने तीन एककांचा फरक पडला. आणि हा फरक शेवटच्या बिलात उघड होतो, तेव्हा कोणाला काही नीट आठवत नसतं. म्हणून प्रत्येक बदलाची किंमत आणि लक्ष्यातली वाढ-घट कामाआधीच, निदान दोन आठवड्यांच्या आत, लिहून सही करून घ्या.

दुसरा घोळ ‘उघड्या वहीचा’, म्हणजे कंत्राटदाराने खर्चाचे हिशेब मालकाला दाखवण्याच्या अटीचा. वही उघडी म्हणजे कुठली वही? कंत्राटदाराच्या स्वतःच्या क्रेनचं भाडं बाजारभावाने धरायचं की घसाऱ्याने? सिमेंटवर मिळालेली सूट प्रकल्पाच्या खात्यात जमा होते की मुख्य कार्यालयाच्या? स्वतःच्या चुकीने पाडून पुन्हा बांधलेली भिंत खर्चात धरायची का? मुख्य कार्यालयाचा खर्च टक्क्याने असेल तर तो कशावर? लेखापाल म्हणून या चार प्रश्नांची उत्तरं सहीआधी लेखी मागा.

मुळात लक्ष्यच फुगवून ठेवलं असेल तर ‘बचत’ ही मालकाच्याच खिशातून जाते. स्वतंत्र खर्चतज्ज्ञाकडून ते तपासून घेणं हाच त्यावरचा उपाय.

आम्ही सार्वजनिक संस्था आहोत. सर्वांत कमी दराच्या निविदेलाच काम द्यावं लागतं. आम्हाला पार्टनरिंग जमेल का? सुरुवातीच्या कार्यशाळेवर खर्च करणं योग्य आहे का? – कार्यकारी अभियंता

जमेल. अमेरिकी लष्कराच्या अभियंता दलाने ते अशाच कामांवर केलं. अट एवढीच, की कंत्राट दिल्यानंतर करायचं, ऐच्छिक ठेवायचं आणि कार्यशाळेचा खर्च दोघांनी निम्मा वाटून घ्यायचा. लेखापरीक्षणासाठी प्रत्येक बैठकीचं इतिवृत्त ठेवा, आदरातिथ्य चहापुरतं ठेवा.

कार्यशाळा कंत्राट मिळाल्यावर पहिल्या काही आठवड्यांत, वाद सुरू होण्याआधी, एक किंवा दोन दिवसांची घ्यावी. चालवणारा माणूस दोघांपैकी कोणाचाही नसावा. वीस-पंचवीस माणसं पुरे, पण त्यांत बिलं तपासणारा आणि बिलं बनवणारा, दोघेही हवेत. त्यांना वगळून केलेली मैत्री पहिल्या रनिंग बिलाला (काम चालू असतानाच्या बिलाला) तुटते. सकाळी दोन्ही गट वेगवेगळ्या खोल्यांत बसून ‘समोरच्याच्या कोणत्या वागण्याने आपलं काम अडतं’ याची यादी करतात, मग याद्या समोरासमोर वाचतात. दुपारी मोजता येतील अशी उद्दिष्टं ठरतात, उदाहरणार्थ आरएफआयला पाच कामाच्या दिवसांत उत्तर. शिडी भरूनच दिवस संपवायचा.

पुढे दर महिन्याला दोन्ही बाजूंनी त्याच आठ-दहा मुद्द्यांना १ ते ५ गुण द्यायचे. सरासरीपेक्षा दोन बाजूंच्या गुणांतली तफावत पाहा. ‘बिलं वेळेवर’ याला मालकाने ४ आणि कंत्राटदाराने २ दिले असतील, तर त्या महिन्याच्या बैठकीचा पहिला विषय तोच.

काम निम्मं झालं आहे, क्लेमचा ढीग साचला आहे. आता सुरू करून उपयोग आहे का? – सल्लागार

आहे, पण जुनं आणि नवं एकाच टोपलीत टाकू नका. एक तारीख ठरवा. तिच्या आधीच्या सगळ्या क्लेमची दोघांनी मिळून एक यादी करावी, तीत नंतर भर नाही. ती यादी वाद मंडळाकडे (कामावरचे वाद सोडवायला नेमलेल्या स्वतंत्र तज्ज्ञांच्या मंडळाकडे) किंवा दोघांना मान्य अशा स्वतंत्र तज्ज्ञाकडे द्यावी. बांधकामातली अशी मंडळं जुनीच आहेत. अमेरिकेत कोलोरॅडोतल्या आयझेनहॉवर बोगद्याच्या कामावर १९७५मध्येच तसं मंडळ नेमलं होतं. साइटवरच्या माणसांना त्या यादीपासून दूर ठेवा. त्यांची शिडी फक्त ठरलेल्या तारखेनंतरच्या प्रश्नांसाठी.

आणि पहिल्याच आठवड्यात, ज्या मोजमापांवर वाद नाही पण जी वादातल्या आयटमसोबत अडकून पडली आहेत, ती वेगळी काढून त्यांचे पैसे मालकाने द्यावेत. कंत्राटदाराने त्याच आठवड्यात उपकंत्राटदारांची त्यातली थकबाकी चुकती करून तसं मालकाला लेखी कळवावं.