बायपासनंतर पोटातले जिवाणू: नेहमीचेच प्रश्न

वजन कमी करण्याच्या शस्त्रक्रियेबद्दल, म्हणजे हृदयाच्या नव्हे तर जठराच्या बायपासबद्दल, येणाऱ्या पत्रांत सध्या जिवाणूंचीच चलती आहे.

प्रश्न: शस्त्रक्रियेनंतर आतड्यातले जिवाणू खरंच बदलतात?

हो. बायपासनंतर आतड्यात आम्ल कमी उतरतं, पित्त अन्नाला उशिरा भेटतं, खाणंही बदलतं. ई. कोलायच्या कुळातले जिवाणू वाढतात.

प्रश्न: मग वजन त्यांच्यामुळेच उतरतं का?

त्यांचा हातभार असावा. २०१३ साली बायपास केलेल्या उंदरांचे जिवाणू जंतुविरहित उंदरांत सोडले, तेव्हा त्यांचंही वजन घटलं, तेही सुरीविना. पण ते उंदीर. माणसात भूक आणि हार्मोन्समधले बदल विसरून चालत नाही.

प्रश्न: घरबसल्या शौचाची जिवाणू-तपासणी करून घेऊ?

नको. त्या रंगीत अहवालावरून उपचार ठरत नाहीत.

प्रश्न: बायपासला दीड वर्ष झालं. पोटातले जिवाणूच बी-१२ बनवतात, म्हणून प्रोबायोटिक (उपयोगी जिवाणूंची पूड) सुरू करून बी-१२ ची गोळी बंद केली. त्रास काहीच नाही. बरोबर ना?

साफ चूक. हे कुणी सांगितलं ते लिहिलेलं नाही, पण डबा विकणाऱ्यानेच सांगितलं असणार! जिवाणू बी-१२ बनवतात, पण मुख्यतः मोठ्या आतड्यात. ते शोषलं जातं त्याआधी, लहान आतड्याच्या शेवटच्या भागात. म्हणजे गाडी सुटल्यावर माल फलाटावर. शिवाय शोषणासाठी जठरातून येणारा एक प्रथिन घटक लागतो, आणि बायपासमध्ये जठराचा बहुतेक भागच अन्नाच्या वाटेवरून बाजूला होतो. लहान आतड्यात जिवाणू माजले, तर उलट तेच बी-१२ फस्त करतात आणि फोलेट हे दुसरं बी जीवनसत्त्व बनवतात. मग फोलेट भरपूर, बी-१२ तळाला. फोलेटमुळे रक्तक्षय झाकला जातो, नसांची झीज मात्र चालूच राहते. आणि 'त्रास नाही' म्हणाल, तर यकृतातला साठा काही वर्षं पुरतो. तळपायाला मुंग्या येऊन चप्पल कधी निसटली ते कळेनासं होतं, तोवर उशीर झालेला असतो. झालेली इजा पूर्ण भरून येईलच असं नाही. याच आठवड्यात तुमच्या सर्जनना भेटा, बी-१२ तपासा. गोळी की इंजेक्शन ते त्यांना ठरवू द्या. प्रोबायोटिक घ्यायचंच असेल तर तेही विचारून, पण गोळीच्या जागी कधीच नाही.

प्रश्न: आईच्या शस्त्रक्रियेला तीन आठवडे झाले, रोज उलट्या होतात. 'जिवाणू रुळतायत, थांबा' असं ओळखीचे सांगतात.

थांबू नका, आजच रुग्णालयात न्या. अशा उलट्यांत बी-१ या जीवनसत्त्वाचा साठा काही आठवड्यांतच संपतो आणि त्याचा फटका मेंदूला बसतो. ग्लुकोजचं सलाईन लावण्याआधी शस्त्रक्रियेचं सांगा. बी-१ आधी द्यावं लागतं.